संशयाची बैठक

रहस्यकथेचा वाचक हा वाङ्मयाच्या दरबारातला सर्वांत संशयी वाचक म्हटला पाहिजे. कौटुंबिक कादंबरीचा वाचक लेखकाचे बोट धरून निर्धास्तपणे चालतो. रहस्यकथेचा वाचक मात्र पहिल्या पानापासून लेखकाच्या दुसऱ्या हातावर नजर ठेवून असतो. खिडकी उघडी होती असे लेखकाने सहज म्हटले, की हा ते मनात टिपून ठेवतो. माळ्याचे नाव दोनदा आले, की याच्या भुवया उंचावतात. लेखकाने सर्व काही समोर ठेवावे आणि तरीही आपल्याला शेवटपर्यंत कळू नये, असा एक चमत्कारिक करार या दोघांत झालेला असतो. छापील पुस्तकात तो कसा पाळला जातो याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तोच करार व्हिडिओ गेममध्ये कसा पाळला जातो, आणि खेळणारा कुठे, कसा व कुणासोबत बसला आहे यावर तो किती अवलंबून असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील याची आम्हांला कल्पना आहे. मराठी शिकवणाऱ्यांनी हा पोरखेळ कशाला करावा, असा प्रश्न आमच्याच विभागात आम्हांला विचारला गेला आहे. त्यावर इतकेच सांगावेसे वाटते, की बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकेही एके काळी पाठ्यपुस्तकाच्या आड धरूनच वाचावी लागत. झुंजार आणि काळा पहाड यांना वर्गाच्या दारातून आत प्रवेश नव्हता. वाचनालयातून आणलेल्या, कोपरे झिजलेल्या, कधी शेवटचे पानच गहाळ असलेल्या त्या पुस्तकांवर ज्यांचे वाचन पोसले गेले, त्यांतल्या बहुधा शेवटच्या पिढीचे आम्ही दोघे. आज चाळिशी ओलांडून एकाच महाविद्यालयात शिकवतो, आणि सवड मिळाली की रहस्याचे गेम खेळतो. आमच्यापैकी एकाच्या अभ्यासिकेत टेबलावर संगणक आहे. दुसरीच्या घरी दिवाणखान्यात टीव्हीला जोडलेला कन्सोल आहे. आधी जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला प्लेस्टेशन ३ होता, पुढे प्लेस्टेशन ४ आला.

ज्यांनी दोन्ही पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात फरक असा. संगणकावर खेळणारा टेबलाशी बसतो, पडदा हातभर अंतरावर असतो, एका हातात माऊस आणि दुसऱ्या हाताखाली कीबोर्ड असतो. कन्सोलवर खेळणारा सोफ्यावर बसतो, पडदा आठ-दहा फूट दूर असतो, आणि दोन्ही हातांत मिळून एकच कंट्रोलर असतो. या दोहोंत श्रेष्ठ काय, यावर तरुण मंडळी तावातावाने भांडतात. चित्र किती स्वच्छ, वेग किती, खर्च किती, असे त्या भांडणाचे मुद्दे असतात. आमचेही भांडण झाले, बरेच दिवस चालले, परंतु ते वेगळ्याच वळणावर गेले. एकाच गेममधला एकच खून टेबलाशी बसून आणि सोफ्यावर बसून सोडवताना आपण दोन निराळे वाचक होतो, हे आमच्या ध्यानात आले. त्याचीच ही हकीकत.

१

आरंभ जपानपासून करावा लागेल. १९८३ साली युजी होरी या तरुण लेखक-प्रोग्रामरने ‘पोर्टोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन’, म्हणजे ‘पोर्टोपिया हत्यामालिका प्रकरण’, हा गेम घरगुती संगणकासाठी लिहिला. (पुढे १९८६ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मुळे होरीचे नाव सर्वतोमुखी झाले.) कोबे शहरात एका सावकारी कंपनीचा मालक बंद खोलीत मृतावस्थेत सापडतो. खेळणारा हा वरिष्ठ पोलीस अधिकारी. त्याचा यासू नावाचा साहाय्यक त्याच्या आज्ञेप्रमाणे चौकशी करतो. आज्ञा द्यायची ती कीबोर्डवर शब्द टंकून. कुठे जा, कुणाला विचार, काय तपास, हे सारे खेळणाऱ्याने स्वतः सुचवायचे आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पडद्यावर कोणतेही पर्याय नाहीत. लुकलुकणारा कर्सर आणि त्याच्यासमोर आपण.

१९८५ साली हाच गेम फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलवर आला. कन्सोलला एक अधिकचिन्हासारखी कळ आणि दोन बटणे. शब्द टंकणार कशाने? तेव्हा पडद्याच्या कडेला आज्ञांची यादी आली. जागा बदला, विचारा, तपासा, दाखवा, अटक करा, अशा क्रियापदांतून एक निवडायचे. यादीची ही पद्धत होरीने १९८४ सालच्या आपल्या दुसऱ्या एका रहस्यगेममध्ये संगणकावरच वापरून पाहिली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. कारण टंकण्याच्या स्वातंत्र्याला एक मोठी खोट होती. गेमला जो शब्द ठाऊक तोच शब्द आपल्याला सुचला नाही, तर तपास तेथेच अडे. खुनी शोधण्याऐवजी माणूस क्रियापद शोधत बसे. यादीने ही अडचण दूर केली, आणि खेळणाऱ्यांची फार मोठी सोय झाली.

सोय झाली हे खरे; पण त्या दोन वर्षांत एक गोष्ट हातची गेली ती कोणती, हे आम्हां शिक्षकांना चटकन जाणवले. पहिल्या गेममध्ये प्रश्न असा होता : तुम्ही काय विचाराल? दुसऱ्यात प्रश्न असा झाला : यांपैकी काय निवडाल? २०२०-२१ च्या टाळेबंदीत आमच्या परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी झाल्या, तेव्हा नेमका हाच प्रवास आम्ही उत्तरपत्रिकांत पाहिला. चार पर्यायांतून योग्य तो निवडणारा विद्यार्थी मूर्ख नसतो. निवडीलाही बुद्धी लागते. परंतु चार पर्याय कुणीतरी आधी मांडून ठेवले आहेत, आणि उत्तर त्यांच्याबाहेर असूच शकत नाही, ही खात्री त्याच्या अंगवळणी पडते. गुप्तहेराला असली खात्री परवडत नाही. दिलेल्या यादीत नसलेला प्रश्न ज्याला सुचतो तोच रहस्यकथेचा नायक असतो.

या कथेला अलीकडेच एक उपकथानक जोडले गेले. एप्रिल २०२३ मध्ये स्क्वेअर एनिक्स या कंपनीने ‘पोर्टोपिया’ची एक नवी, विनामूल्य आवृत्ती संगणकासाठी प्रसिद्ध केली. वाक्यातला अर्थ ओळखणाऱ्या नव्या भाषा-तंत्राचे ते प्रात्यक्षिक होते. यादी गेली, पुन्हा कीबोर्ड आला. आता यासूला इंग्रजीत हवे ते, हवे तसे लिहावे आणि त्याने ते समजून घ्यावे अशी कल्पना. आम्ही दोघांनीही मोठ्या उमेदीने तो खेळून पाहिला. यासूला फारच थोडे समजे. साधा प्रश्न चार तऱ्हांनी फिरवून विचारावा, आणि त्याने दर वेळी हुंकार भरून गप्प राहावे. खेळणाऱ्यांनी या आवृत्तीवर टीकेची झोड उठवली ती उगाच नव्हे. आम्हांला त्यातून उमगले ते असे, की प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य एकट्या विचारणाऱ्याच्या हाती नसते. समोर समजून घेणारे कुणी नसेल, तर मोकळा कीबोर्ड यादीपेक्षाही अधिक कोंडमारा करतो. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो निराळ्या रूपात येणार आहे.

२

आता ज्या गेमने आमचे भांडण पेटवले त्याकडे वळू. ‘एल. ए. न्वार’ हा गेम मे २०११ मध्ये प्रथम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलांवर आला. संगणकावर यायला नोव्हेंबर उजाडला. सिडनीतल्या टीम बोन्डाय या संस्थेने तो घडवला आणि रॉकस्टार गेम्सने प्रकाशित केला. काळ १९४७ चा, स्थळ लॉस एंजेलिस. ओकिनावाच्या लढाईतून परतलेला कोल फेल्प्स हा पोलीस शिपाई एकेक पायरी चढत गुप्त पोलिसांत जातो. घटनास्थळ तपासणे, साक्षीदारांची जबानी घेणे, आणि जबानी खरी की खोटी ते ठरवणे, हे खेळणाऱ्याचे काम.

या गेमची ख्याती झाली ती चेहऱ्यांमुळे. मोशनस्कॅन नावाच्या तंत्राने ३२ कॅमेऱ्यांच्या घेऱ्यात नटाला बसवून त्याच्या चेहऱ्याची प्रत्येक हालचाल टिपण्यात आली. ओठ मुडपणे, आवंढा गिळणे, नजर चुकवणे, सारे जसेच्या तसे. साक्षीदाराचे उत्तर झाले, की तो काही क्षण आपल्यासमोर तसाच बसून राहतो, आणि आपण तीनपैकी एक बटण दाबायचे : खरे, शंका, किंवा खोटे. ‘खोटे’ म्हणायचे असेल तर वहीतला पुरावा पुढे करावा लागतो. बाकी दोहोंना पुरावा लागत नाही. उत्तर देण्यास वेळेची मर्यादा नाही. हवा तितका वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत बसावे.

आधी घटनास्थळाचा विचार करू. मृतदेहाशेजारी बाटल्या, काड्यापेट्या, चिठ्ठ्या पडलेल्या असतात. खेळणारा त्या खोलीत हिंडतो. महत्त्वाच्या वस्तूजवळ आला की एक बारीकसा स्वर वाजतो, आणि कन्सोलवर खेळत असल्यास त्याच क्षणी हातातला कंट्रोलर थरथरतो. माऊस थरथरत नाही. एवढासा फरक, पण त्याने आमचे दोन तपास संपूर्णपणे निराळे झाले. सोफ्यावर बसलेल्या तपासाला स्पर्शाची साथ होती. तळहाताला गुदगुली झाली की थांबावे, खाली वाकावे, वस्तू उचलावी. लेखकाने शेजारी बसून ‘इथे बघा’ म्हणत कोपर मारावे तसा हा प्रकार. टेबलाशी बसलेल्याने तर सेटिंगमध्ये जाऊन तो स्वरही बंद करून टाकला. मग त्याला प्रत्येक वस्तू उचलून पाहावी लागली, माऊसने फिरवून तिच्या चारी बाजू न्याहाळाव्या लागल्या. यांतल्या कित्येक वस्तूंचा खुनाशी काडीचा संबंध नसतो. फेल्प्स त्या परत ठेवून देतो. कीबोर्डशेजारी शंभर पानी वही उघडी ठेवून त्याने अशा निरुपयोगी वस्तूंचीही नोंद केली.

ही मेहनत वाया गेली काय? आमचे मत नाही असे आहे. संशोधन करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते, की दहा निरुपयोगी दस्त वाचल्याशिवाय अकराव्याचे महत्त्व कळत नाही. थरथरणारा हात वाचकाला महत्त्वाच्या वाक्यापाशी नेऊन उभा करतो. पण आजूबाजूची नव्वद वाक्ये वाचल्याखेरीज ते महत्त्वाचे का, हे त्याला सांगता येत नाही. वर्गात कवितेखालच्या टीपा आधी वाचून मग कविता वाचणारा विद्यार्थी आणि हा खेळणारा, यांची जात एकच. कंट्रोलरची थरथरही बंद करता येते हे खरे. पण दिवाणखान्यात चौघे बसलेले असताना अर्धा तास बाटल्या उचलत बसण्याची मुभा कोण देतो? बाकीचे कंटाळतात, ‘पुढे चला’ म्हणतात. घटनास्थळाचा सूक्ष्म शोध ही एकट्याने करायची गोष्ट आहे, आणि टेबल ही एकट्याची जागा आहे. या फेरीत टेबल जिंकले, हे सोफ्यानेही मान्य केले.

३

जबानीच्या वेळी मात्र पारडे फिरले. त्याला कारण अण्णा.

आमच्यापैकी जिच्या घरी कन्सोल आहे तिचे वडील, अण्णा, तिच्याकडेच राहतात. जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून त्यांची उभी हयात गेली. साक्षीदार पुढे येतो, शपथ घेतो, बोलतो, जातो. अण्णांनी अशी हजारो माणसे चार हातांवरून पाहिली. आई गेल्यानंतर ते फार अबोल झाले होते. जेवण झाले का, गोळी घेतली का, एवढ्यावर घरातले संभाषण आले होते. नातू टीव्हीवर ‘एल. ए. न्वार’ खेळू लागला तेव्हा अण्णा वर्तमानपत्र वाचत शेजारी बसत. दोनचार दिवसांनी वर्तमानपत्र मांडीवर उतरले. एका संध्याकाळी नातवाने साक्षीदाराच्या भिरभिरत्या नजरेकडे बोट दाखवून ‘शंका’चे बटण दाबायला अंगठा नेला, आणि अण्णा म्हणाले, “थांब रे. नजर फिरवतोय म्हणून खोटं बोलतोय, हे तुला कुणी सांगितलं? कोर्टात पहिल्यांदा उभा राहणारा माणूस असाच बघतो.”

“मग खोटं बोलणारा कसा बघतो, आजोबा?”

“पट्टीचा खोटं बोलणारा साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो. आधी वही उघड. तुझ्याकडे पुरावा काय आहे ते सांग.”

त्या दिवसापासून तपासाची सूत्रे अण्णांकडे गेली. कंट्रोलर नातवाच्या हाती, वही लेकीच्या हाती आणि निवाडा अण्णांच्या तोंडी. ‘खोटे’ म्हणायला पुरावा लागतो हा नियम त्यांना फार आवडला. ‘शंका’ मात्र त्यांना मुळीच पटेना. त्या आवृत्तीत ‘शंका’ निवडली, की फेल्प्स एकदम आवाज चढवून साक्षीदारावर तुटून पडतो. “मी नुसतं पटत नाही म्हटलं होतं, हा तर अंगावर धावून गेला,” हा अण्णांचा आक्षेप जगभरातल्या खेळणाऱ्यांचाही होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या कन्सोलांवर जी आवृत्ती आली तीत त्या तीन बटणांची नावे बदलून ‘चांगला पोलीस, वाईट पोलीस, आरोप’ अशा अर्थाची करण्यात आली. अण्णांनी त्याला मान्यता दिली. “आता निदान काय करणार ते आधी सांगतोय,” म्हणाले.

न्यायशास्त्रात हा प्रश्न नवा नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये, साक्ष देताना साक्षीदाराचे वर्तन कसे होते याविषयी न्यायाधीशाने महत्त्वाचे वाटल्यास शेरा नोंदवावा अशी तरतूद होती. म्हणजे कायद्यानेही चेहऱ्याकडे पाहिले. परंतु त्या शेऱ्याभोवती उलटतपासणी असते, कागदपत्रे असतात, दुसऱ्या साक्षीदारांच्या जबान्या असतात, वरचे न्यायालय असते. ‘एल. ए. न्वार’ने ते सगळे बाजूला सारून चेहरा मध्यभागी आणला. खोटे बोलणाऱ्याने नटासारखे खोटे बोलावे, म्हणजे पाहणाऱ्याला कळेल असे, ही त्या गेमची गृहीत धरलेली अट आहे. खऱ्या आयुष्यात ही अट फार घातक ठरते. घाबरलेला गरीब माणूस गुन्हेगारासारखा दिसतो आणि सराईत गुन्हेगार सज्जनासारखा. हे अण्णांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता आमच्या भांडणातला सर्वांत मोलाचा भाग. आम्ही अदलाबदल केली. सोफ्यावर बसणारीने काही प्रकरणे लॅपटॉपवर, कानांना हेडफोन लावून, एकटीने सोडवली. टेबलाशी बसणारा रविवारी दिवाणखान्यात येऊन बसू लागला. टेबलाशी बसल्यावर तिला आढळले, की त्या चेहऱ्यांवर आपला विश्वास वाढला आहे. चेहरा हातभर अंतरावर आला, कानात त्याचा श्वास ऐकू येऊ लागला, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीला अर्थ आहे असे वाटू लागले. आठ फुटांवरून, अण्णांच्या खोकल्यातून आणि कुकरच्या शिट्ट्यांतून पाहताना तोच चेहरा एका नटाचा, एका युक्तीचा भाग वाटत असे. दिवाणखान्यात येणाऱ्याचा अनुभव याला जुळणारा होता. महिनाभर त्याने ज्या वहीच्या आधारे ठाम निष्कर्ष काढले होते, त्यांतला प्रत्येक निष्कर्ष तेथे कुणीतरी मोडून काढी. “पण तिला त्या वेळी घरी परत यायला गाडी होती का?” असा एखादा प्रश्न नातू विचारी, आणि तो कोणत्याही यादीत नसे.

संशय ही एकट्याची वृत्ती आहे असे आपण समजतो. आमचा अनुभव निराळे सांगतो. एकटा माणूस आपल्या संशयावर फार लवकर विश्वास ठेवतो. संशयावर संशय घ्यायला दुसरा माणूस लागतो. कॉनन डॉईलने होम्सच्या शेजारी वॉटसन बसवला तो केवळ कथा सांगण्यासाठी खास नव्हे. होम्सला आपला तर्क मोठ्याने उच्चारावा लागावा, आणि उच्चारताना तो तपासला जावा, ही सोय त्यात आहे. कन्सोल खेळणाऱ्याला वॉटसन मिळवून देतो, तो यंत्रात नसून सोफ्यावर असतो. ‘पोर्टोपिया’च्या नव्या आवृत्तीत यासूला जे साधले नाही, म्हणजे प्रश्न समजून घेऊन उलटा प्रश्न करणे, ते अण्णांना आणि त्यांच्या नातवाला विनासायास साधत होते.

४

‘एल. ए. न्वार’ सोफ्यावर जन्मला आणि मग टेबलाकडे आला. ‘डिस्को इलिसियम’चा प्रवास याच्या उलट झाला. हा गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये संगणकावर आला आणि मार्च २०२१ मध्ये ‘द फायनल कट’ या आवृत्तीने प्लेस्टेशनवर पोहोचला. एस्टोनियात मुळे असलेल्या झेड ए/यू एम या मंडळींनी तो रचला. त्याचा प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्व्हिट्झ हा आधी कादंबरीकार. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकच गेम खेळायचा ठरवला तर आम्ही याचेच नाव सांगू. रेव्हाशोल नावाच्या पराभूत शहरात, एका खानावळीमागच्या झाडाला माणूस लटकलेला आहे. तपासाला आलेला पोलीस अधिकारी दारूच्या अंमलातून जागा होतो तो स्वतःचे नावही विसरून. त्याच्यासोबत किम कित्सुरागी हा शांत, काटेकोर सहकारी. लढाया नाहीत, आहेत ती संभाषणे. गेममधला मजकूर दहा लाख शब्दांहून अधिक आहे. आणि बोलतात ती केवळ माणसे नव्हेत. नायकाच्या डोक्यातली २४ कौशल्ये, तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, प्रत्येक आपापल्या सुरात त्याला सल्ला देत असतात, आणि पुष्कळदा चुकीचा देतात.

टेबलाशी बसून हा गेम खेळणे म्हणजे कादंबरी वाचणे. उजव्या बाजूला मजकुराचा उभा स्तंभ वर सरकत राहतो, आपण माऊसने एकेक ओळ पुढे नेतो, हवे तेथे थांबतो, मागे जातो. डोक्यातले आवाज मूकवाचनात आपलेच आवाज होऊन बसतात. रात्री उशिरा, घर झोपलेले असताना, त्यांपैकी एखादा आवाज अशा काही दुखऱ्या जागी बोट ठेवतो, की पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेर पाहावे लागते. हे वाचन दुसऱ्या कुणादेखत होणे नाही.

सोफ्यावर हा गेम आणला तेव्हा पहिली अडचण अक्षरांची आली. आठ फुटांवरून ती वाचवेनात. आकार वाढवावा तर पडद्यावर मोजक्याच ओळी मावत, आणि संभाषणाचा मागचा धागा वर नाहीसा होई. शिवाय संगणकावर माऊसने रस्त्याच्या कोणत्याही कोपऱ्याकडे बोट दाखवता येते. कंट्रोलरने नायकाला चालवत न्यावे, आणि जवळपासच्या ज्या वस्तूंवर खूण उमटेल त्यांतून निवडावे. म्हणजे पुन्हा यादी आलीच. वाचक म्हणून आमचे नुकसान झाले, यात संशय नाही.

पण ‘फायनल कट’मध्ये एक मोठा बदल होता. पूर्वीच्या आवृत्तीत थोडीच संभाषणे ध्वनिमुद्रित होती. यात जवळजवळ सारा मजकूर आवाजात आला, आणि डोक्यातल्या कौशल्यांना लेन्व्हल ब्राऊन या कलावंताचा खर्जातला, संथ आवाज मिळाला. अण्णांच्या डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही, आवाज झेपला. इंग्रजी जेथे अवघड होई तेथे लेक थांबवून मराठीत सांगे. एकाने पोथी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि ऐकणाऱ्याने मध्येच शंका काढावी, ही आपल्याकडची जुनी रीत. गेमच्या निमित्ताने ती दिवाणखान्यात परत आली. या गेममध्ये वेळ पुढे सरकतो तो मुख्यतः बोलण्या-वाचण्यानेच. कंट्रोलर खाली ठेवून घरातल्यांनी तासभर वाद घातला तरी रेव्हाशोलचे घड्याळ थांबून राहते. नायकाच्या डोक्यातले चोवीस आवाज कमी होते म्हणून की काय, त्यांत घरातल्या तिघांची भर पडली. अण्णांना किम सर्वांत आवडला. “हा नीट टिपणं ठेवतो,” एवढेच ते म्हणाले. मग एके दिवशी आपण होऊन त्यांनी आपल्या नोकरीतल्या एका खटल्याची हकीकत सांगायला सुरुवात केली. कुणाच्या तरी साक्षीवर तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नव्हता, आणि ती खरी होती. ही गोष्ट त्यांनी घरात पूर्वी कधीही सांगितली नव्हती.

५

मग श्रेष्ठ काय? तरुण मंडळींच्या भांडणाला हवा असतो तसा निकाल आम्हांला देता येत नाही. परंतु अगदी हात हलवत परतावे असेही नाही. या दोन बैठकांनी आम्हांला रहस्यकथेच्या वाचनाचे दोन भाग सुटे करून दाखवले. शोध हा पहिला भाग. त्याला एकांत लागतो, जवळचा पडदा लागतो, निरुपयोगी वस्तूही उचलून पाहण्याचा धीर लागतो, आणि शक्य तर यादीबाहेरचा प्रश्न लिहिता येईल अशी मोकळी जागा लागते. निवाडा हा दुसरा भाग. त्याला थोडे अंतर लागते, मोठ्याने बोलणे लागते, आणि आपल्या लाडक्या तर्काला हरकत घेणारे कुणीतरी लागते. शोध एकट्याने करावा, निवाडा चारचौघांत. छापील पुस्तकात हे दोन्ही एकाच आरामखुर्चीत घडत असल्याने त्यांतला सांधा आपल्याला दिसत नाही. टेबल आणि सोफा यांनी तो दाखवला.

याचा उपयोग आम्ही वर्गात करून पाहिला. एका रहस्यकथेचा पूर्वार्ध विद्यार्थ्यांना दिला. पहिली तासिका पूर्ण शांततेची. प्रत्येकाने एकट्याने वाचायचे आणि आपल्याला पडलेले प्रश्न कागदावर लिहायचे, उत्तरे नव्हेत. पर्याय दिलेले नव्हते. पहिली दहा मिनिटे अनेकांच्या लेखण्या हलल्याच नाहीत, “सर, किती प्रश्न लिहायचे?” “मॅडम, कशावर लिहायचे?” अशी विचारणा मात्र पुष्कळ झाली. मग हळूहळू कागद भरू लागले. दुसऱ्या तासिकेला बाके गोल मांडली आणि खुनी कोण ते ठरवायला सांगितले. अट एकच, दुसऱ्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत पुन्हा सांगितल्याखेरीज त्याला उत्तर द्यायचे नाही. पहिल्या तासिकेत कागद कोरा ठेवणारी एक मुलगी दुसऱ्या तासिकेत सर्वांत नेमके आक्षेप घेत होती, आणि दोन पाने भरून प्रश्न लिहिणारा एक मुलगा गोलात येताच गप्प झाला. दोघांनाही आपापली अर्धी बाजू ठाऊक होती. उरलेली अर्धी शिकवणे हे आमचे काम आहे, आणि एकाच प्रकारच्या परीक्षेने ते होणार नाही.

रहस्यकथेला दुय्यम मानणाऱ्या समीक्षेने तिच्यावर नेहमी असा आरोप ठेवला, की खुनी कळला की पुस्तक संपते, पुन्हा वाचण्यासारखे काही उरत नाही. आम्ही दोघांनी ‘एल. ए. न्वार’ची बहुतेक प्रकरणे दोनदा सोडवली आहेत. खुनी कोण हे दुसऱ्या वेळी ठाऊकच होते. तरीही दुसरी खेप पहिलीपेक्षा समृद्ध झाली, कारण त्या खेपेस तपास साक्षीदारांचा नव्हता. आपण कुणावर विश्वास ठेवतो, किती जवळून पाहिल्यावर ठेवतो, आणि शेजारी कोण बसलेले असताना तो मागे घेतो, याचा तो तपास होता.